साडेसव्वीस अंश

मेडशी, जि. वाशीम
२७ मे २०२४

प्रति,
प्रभारी अधिकारी,
तलाव मत्स्य कक्ष

महोदय,

मंगळवार, दिनांक २१ मे २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ माझ्या ओसरीवरच्या घड्याळातली आहे. त्या वेळी आपण माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या घरचं ताक पीत, प्लास्टिकच्या एका कॅनमध्ये तापमापी बुडवलीत आणि वहीत लिहिलंत, "पाण्याचे तापमान २६.५ अंश. सामान्य." चिंचखेड तलाव माझ्या ओसरीपासून अडीच किलोमीटरवर आहे. तो आपण पाहिला नाही. रस्ता खराब आहे असं आपला ड्रायव्हर म्हणाला आणि आपण लगेच ऐकलंत. धनीबाईचं मात्र आपण एक वाक्य ऐकून घेतलं नाही.

त्या पहाटे तलावात रोहू आणि कटला पोटं वर करून तरंगत होते. हा तलाव एकोणीस बायकांच्या मच्छीमार संस्थेकडे आहे आणि धनीबाई तिची अध्यक्ष आहे. तिने पाच वाजता आपल्याला फोन केला. तलावाच्या मधोमधचं पाणी काढून ठेवा, मी येतोच, असं आपण सांगितलंत. ती थर्माकोलच्या तराफ्यावरून मधोमध गेली, पाणी भरलं, आणि आपली गाडी माझ्या घराच्या पलीकडे जाणार नाही म्हणून राखणदार रतनसिंगला सोबत घेऊन त्याच्या सायकलवरून तो कॅन माझ्या ओसरीवर आणला. आपण पाच तासांनी उगवलात.

आता आपला अहवाल वाचला. पाणी थंड होतं, म्हणून मासे उष्णतेने मेले नाहीत. उष्णतेने मेले नाहीत, म्हणून विषाने मेले. आणि विष संस्थेच्या बायकांनीच टाकलं असावं, "मासे विनासायास धरण्याच्या हेतूने". विष कोणतं ते लिहिलेलं नाही. एकही मेलेला मासा आपण तपासायला पाठवला नाही. नाव मात्र लिहिलं आहे, धनीबाईचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते. पाच तास बाजूला ठेवलेल्या पाण्याचा आकडा तलावाच्या नावावर लावायचा नसतो, एवढं शिकाऊ मुलीलाही कळतं. २२ तारखेला दुपारी चार वाजता मी स्वतः तलावावर गेले आणि माझी ताप मोजायची तापमापी पाण्यात धरली. ती पस्तिसाच्या खाली काही दाखवतच नाही. तिने ३६.४ दाखवलं. निरोगी माणसाच्या अंगाइतकं गरम पाणी. त्यात मासा कसा जगतो, हे आपल्या कक्षाने मला समजावून सांगावं.

अहवाल मागे घ्या आणि पाणी तलावात उतरून पुन्हा मोजा. सात दिवसांत कळवा.

पंचफुला भांदुर्गे
निवृत्त परिचारिका


तलाव मत्स्य कक्ष
३१ मे २०२४

श्रीमती भांदुर्गे यांस,

आपला दि. २७ मेचा अर्ज प्राप्त झाला. आपण वापरलेली तापमापी मानवी शरीराकरिता असून जलाशयाकरिता प्रमाणित नाही, तसेच तिची नोंद काठावरील उथळ पाण्याची असल्याने ग्राह्य धरता येत नाही. नमुना संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः, तलावाच्या मध्यभागातून काढला असल्याने त्याबाबत संस्थेला हरकत घेता येणार नाही. विषप्रयोगाच्या संशयावरून संस्थेचा ठेका रद्द करण्याबाबत सुनावणी मंगळवार, दि. १८ जून रोजी सकाळी ११.३० वाजता ठेवली आहे. तोपर्यंत सभासदांनी तलावात उतरू नये.

ताकाबद्दल आपले आभार यापूर्वीच व्यक्त केले आहेत.

प्रभारी अधिकारी


मेडशी
१ जून २०२४

चि. राधिका हीस आशीर्वाद,

तू म्हणशील मावशीने फोन का नाही केला. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस आणि मागे कोणीतरी बोटीचं इंजिन सुरू करतं. कागदावर लिहिलेलं तुला दोनदा वाचावं लागेल.

सोबत माझा अर्ज आणि त्या माणसाचं उत्तर जोडलं आहे. शेवटची ओळ वाच. ताकाचे आभार! चौतीस वर्षांत मी उद्धट डॉक्टर पाहिले, दारू पिऊन आलेले डॉक्टर पाहिले, पण इतक्या सभ्यपणे तोंडात मारणारा हा पहिलाच.

धनीबाई तुला आठवत असेल. तू लहानपणी माझ्याकडे उन्हाळ्यात यायचीस तेव्हा तिने तुला जाळ्याची गाठ मारायला शिकवली होती. आता तिला पंधरा दिवसांनी त्या कार्यालयात उभं राहून सांगायचं आहे की मी माझ्या माशांना विष घातलं नाही. परवा माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "नर्सबाई, जिच्यावर जगून राह्यलो त्या भाकरीवर कोनी इख टाकते काय?" मग स्वतःच हसली. "तो साहेब म्हने, तुमी बायानं पान्यात काहीतरी टाकलं. म्या म्हनलं, साहेब, तुमी त पान्यात पायबी नाई टाकला."

 बुधवारच्या बाजारात ती दुसऱ्या तलावाचे मासे घेऊन बसली होती. गफ्फारभाईंनी आपल्या दुकानाशेजारी तिला जागा दिली, दोनदा ओरडून गिऱ्हाईक बोलावलं. कोणी तिच्या टोपलीपुढे थांबलं नाही. ज्या बायकांची बाळंतपणं मी केली, त्या पदराने नाक झाकून पुढे गेल्या. मी एकीला थांबवून विचारलं, नाक कशाला झाकतेस, विषाला वास येतो का? तर म्हणे, "लोक म्हनून राह्यले न."

तू समुद्राच्या पाण्याचा ताप मोजतेस. त्याचा तुला पगार मिळतो, तुझे फोटो छापून येतात. तर तुझ्या संस्थेच्या छापील कागदावर, शिक्क्यानिशी लिहून पाठव की मासे उष्णतेने मेले आणि हा अधिकारी गाढव आहे. दुसरं वाक्य तुझ्या भाषेत लिहिलंस तरी चालेल.

ठेका गेला तर जुलैत मत्स्यबीज सोडायला तलाव त्यांच्याकडे राहणार नाही. पण धनीबाई ठेक्याबद्दल बोलतच नाही. ती फक्त एवढंच म्हणते, "माह्या नावासमोरचं इख पुसा."

तुझी,
पंचफुला मावशी


मालवण
५ जून २०२४

ती. पंचफुला मावशीस सा. न.

तुझं पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. बोट आज किनाऱ्यालाच आहे, इंजिनाचा आवाज नाही.

आधी तुझ्या कामाचं. धनीमावशीला विचार, कोणते मासे मेले आणि कोणते वाचले. मोठे आधी मेले आणि लहान राहिले असतील, शिवाय मरळ आणि मांगूर जिवंत असतील, तर ते लिहून घे. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. तलावातला प्राणवायू पहाटेला सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे त्याच वेळी वर येऊन तोंड उघडतात आणि मोठ्या अंगाचे आधी जातात. मरळ आणि मांगूर वरची हवा पिऊन जगतात. विष असतं तर ते पहाटेची वाट बघत बसलं नसतं आणि त्याने लहानांना आधी संपवलं असतं.

समुद्रात आम्ही हेच बघतो आहोत, फक्त आकार मोठा आहे. गेल्या महिन्यात मी लक्षद्वीपला होते. पाण्याखाली गेले तर सगळं प्रवाळ पांढरं. मेलेलं नव्हे, मरायच्या आधीचं पांढरं. पाणी नेहमीपेक्षा दीड-दोन अंशच जास्त होतं, पण ते कित्येक आठवडे उतरलंच नाही. तू म्हणायचीस ना, एक दिवसाचा ताप चालतो, न उतरणारा ताप माणूस नेतो. इथले एक म्हातारे मच्छीमार म्हणतात, "पाणी तापला की बांगडो खोल जाता." बांगड्याला खोल जायला समुद्र आहे. तुमच्या कटल्याला मे महिन्यात उरलेलं पाणी तेवढं होतं. तो कुठे जाणार?

पण मावशी, तू मागितलेला कागद मी देणार नाही. मी न मोजलेल्या पाण्याचा दाखला मी देऊ शकत नाही. दिला तर त्या साहेबात आणि माझ्यात फरक काय?

आणि एक गोष्ट मला झोंबते आहे. मी त्या दिवसाचं हवामान काढून पाहिलं. पहाटेची हवासुद्धा तीस अंशांच्या खाली गेली नव्हती. सावलीत ठेवलेलं पाणी नुसतं ठेवून हवेपेक्षा इतकं थंड होत नाही, मग पाच तास ठेवा नाहीतर पन्नास. पाणी साडेसव्वीस झालं, म्हणजे त्याला कोणीतरी थंड केलं.

पूर्वी जहाजांवरचे खलाशी जाड कापडाची बादली दोरीने समुद्रात सोडायचे, पाणी वर ओढायचे आणि डेकवर तापमापी घालायचे. बादलीचं कापड ओलं आणि वर वारा, त्यामुळे मोजेपर्यंत पाणी निवलेलं असायचं. कित्येक वर्षांच्या नोंदी खऱ्या समुद्रापेक्षा थंड निघाल्या. शास्त्रज्ञांना मागे जाऊन त्या दुरुस्त कराव्या लागल्या. त्या खलाशांपैकी कोणी खोटं लिहिलं नव्हतं.

म्हणून विचारते. त्या कॅनला रतनसिंगने ओलं पोतं गुंडाळलं होतं का? आपल्याकडे उन्हाळ्यात गुंडाळतातच. तसं असेल तर सुनावणीच्या आधी कळवा. सगळं त्या एका आकड्यावर उभं आहे, आणि तो आकडा पडू शकतो.

तुझी,
राधिका


मेडशी
१० जून २०२४

राधिका,

पत्र आज अकराला मिळालं. आशीर्वाद नंतर.

मी कागद मागितला तर तू गोष्ट पाठवलीस. खलाशी, बादल्या, बांगडे. धनीबाईला पुढच्या मंगळवारी त्या टेबलापुढे उभं राहायचं आहे आणि तू मला विचारतेस की कॅनला पोतं होतं का. म्हणजे चूक आमचीच. साहेब तलावावर गेला नाही, पण तपासणी आमच्या पोत्याची. तू त्यांच्यातलीच झालीस. मोठ्या संस्थेत गेलं की माणसाला आधी आपल्या लोकांचे दोष दिसायला लागतात.

तरी विचारलं. रतनसिंगला दारात उभं करून विचारलं. त्याने कान पकडले, म्हणाला मी कॅन ओसरीवर ठेवला आणि गेलो, हातसुद्धा लावला नाही. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेला आणि मान खाली घालून निघून गेला. चोराची लक्षणं मला ओळखता येतात. पोतं त्यानेच गुंडाळलं असणार आणि आता साहेबाला घाबरतो. उद्या त्याला पुन्हा बोलावते.

माशांचं तू सांगितलं तसंच आहे. मोठे मेले, लहान चिंगूर वाचले, मरळ आणि मांगूर जिवंत आहेत. संस्थेच्या चार बायकांच्या सह्या घेऊन ठेवल्या. एवढ्यापुरता तुझा उपयोग झाला.

मावशी


मेडशी
११ जून २०२४

चि. राधिका,

कालचं पत्र पोहोचलं की फाडून टाक. किंवा ठेव. तुझी मावशी काय चीज आहे याचा पुरावा म्हणून जपून ठेव.

पोस्टात ते टाकून मी तशीच धनीबाईकडे गेले. तुझ्याबद्दल बोलायचं होतं, शिक्षणाने माणूस कसा भेकड होतो वगैरे. ती खाटेवर जाळं घेऊन बसली होती, तलाव बंद असला तरी हात थांबत नाहीत तिचे. मी तुझ्या बादल्यांची गोष्ट तिला चेष्टेने सांगितली आणि म्हणाले, रतनसिंगच्या पोटात काहीतरी आहे, उद्या बाहेर काढते.

तिने गाठ पुरी केली. मग म्हणाली, "त्या गरिबाले काहून छळता? पोतं तुमीच गुंडाळलं होतं, नर्सबाई."

मी म्हणाले, मी कशाला गुंडाळीन?

"घरातून गोनपाट आनला. सुतळी बांधली. घंट्याघंट्यानं त्याच्यावर तांब्याभर पानी शिंपडलं. म्या ओट्यावर बसून पाह्यलं."

राधिका, ती बोलत होती आणि मला माझे हात दिसत होते. सगळं खरं आहे. मी लपवलं नाही, इतकंही श्रेय मला घेता येत नाही. मला ते काम वाटलंच नाही. लसी बर्फात ठेवायच्या, रक्ताच्या बाटल्या थंड ठेवायच्या, नमुना तापला की वाया गेला, हे माझ्या हातांत इतकं मुरलं आहे की ओसरीवर नमुना दिसला आणि हात चालायला लागले. लू चालली होती. ओलं पोतं आणि वारा. आमच्या माठाचं पाणी ज्याने गार होतं, त्यानेच तुमच्या खलाशांचं झालं. आणि चौतीस वर्षं मी रोग्याला विचारत आले, थर्मामीटरच्या आधी चहा प्यायलास का, बर्फ चोखलास का?

मी तिला विचारलं, साहेबासमोर का बोलली नाहीस? तुझ्यावर विष आलं तरी?

"तुमी मायेनं केलं," ती म्हणाली. "म्या तुमचं नाव घेतलं असतं त गाव म्हनलं असतं, नर्सबाईनं घोटाळा केला. तुमच्या हातानं आमची लेकरं जन्मली. माह्या नावाचं काय, दोन दिवस बोलतीन न चूप बसतीन." मग जाळ्याकडे बघत म्हणाली, "पन दोन दिवस लै झाले आता."

रतनसिंगही त्याचमुळे गप्प होता. त्याला मी कालच्या पत्रात चोर म्हटलं. आज सकाळी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो इतका घाबरला की मला पुन्हा खुर्चीवर बसवून चहा पाजला.

अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलल्यावर शिक्षा व्हायची, पण दुसऱ्या मुलीला आपल्या बदली शिक्षा होत असताना गप्प बसलं तर जास्त व्हायची. मी त्या शाळेत सात वर्षं होते आणि एकदाही ती शिक्षा मला झाली नाही. साठी उलटल्यावर झाली.

तू कागद दिला नाहीस ते बरं केलंस. माझा राग कमी झाला असं समजू नकोस. फक्त आता तो दोन ठिकाणी वाटला गेला आहे, आणि साहेबाचा वाटा मोठाच आहे.

आशीर्वाद. कालचेही यातच धर.

पंचफुला मावशी


मेडशी
१२ जून २०२४
(समक्ष, पोच घेऊन)

प्रति,
प्रभारी अधिकारी,
तलाव मत्स्य कक्ष

महोदय,

हे पत्र मी स्वतः आणून देत आहे. आपण जागेवर नसाल तर आपल्या टेबलावर ठेवून पोच घेईन आणि पोच मिळेपर्यंत बसेन. ताक लागणार नाही.

दि. २१ मे रोजी सकाळी सहा ते अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत माझ्या ओसरीवर ठेवलेल्या कॅनला मी, पंचफुला भांदुर्गे हिने, गोणपाट गुंडाळून त्यावर दर तासाला पाणी शिंपडलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. धनीबाईचा किंवा रतनसिंगचा त्यात हात नाही. नमुना खराब होऊ नये एवढाच हेतू होता आणि त्याच हेतूने मी तो खराब केला. ओलं पोतं वाऱ्यावर ठेवलं की आतलं पाणी हवेपेक्षाही थंड होतं. याचा पडताळा घेण्यासाठी काल त्याच तलावाचं पाणी, त्याच वेळी भरून, दोन कॅनमध्ये माझ्या त्याच ओसरीवर ठेवलं, एक उघडा, एक पोत्यात. गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतली तापमापी आणली, ती शून्यापासून मोजते. अकरा वाजून वीस मिनिटांनी उघड्या कॅनमध्ये ३२ अंश होते आणि पोत्यातल्या कॅनमध्ये २७. मोजताना शाळेच्या मुख्याध्यापिका तनुजा इंगोले आणि गफ्फारभाई हजर होते. त्यांच्या सह्या सोबत आहेत.

तेव्हा साडेसव्वीस हा आकडा तलावाचा नाही. तो माझ्या पोत्याचा आहे. तो मी परत घेते.

विष हा शब्द आपला आहे.

तो आपल्याला माझ्या पोत्याने दिला नाही. कॅनभोवती पोतं बांधलेलं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं, आपल्या बुटाशी थारोळं झालं होतं आणि आपण पाय बाजूला घेतलात. हे मला आता आठवतं. आपल्या डोळ्यांसमोर ते होतं. आपण एक प्रश्न विचारला असता तर मी त्याच क्षणी उत्तर दिलं असतं. आपण विचारलं नाही, तलावावर गेला नाहीत, मासा उचलून पाहिला नाहीत, आणि घरी जाऊन एका बाईच्या नावापुढे विष लिहिलंत. पाणी गरम नाही म्हणजे बाई वाईट, इतकं सोपं गणित आपल्याला कोणी शिकवलं?

मेलेले मासे मोठे होते. लहान जिवंत आहेत. मरळ आणि मांगूर, जे वरून हवा घेतात, ते जिवंत आहेत. पाण्यात प्राणवायू उरला नाही की असं होतं, आणि तापलेल्या पाण्यात तो उरत नाही. हे समुद्रावर काम करणारी माझी भाची सांगते आणि तलावावर काम करणाऱ्या एकोणीस बायका सांगतात. चार जणींच्या सह्यांचं निवेदन जोडलं आहे. बाकी पंधरा जणींना सही येत नाही. त्यांचे अंगठे आपण तलावावर येऊन घ्यावेत, म्हणजे निदान त्या निमित्ताने तलाव पाहणं होईल.

दक्षिणेकडून ढग येत आहेत. पाऊस पडला की पाणी निवेल, आणि मग मोजून काही कळणार नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. म्हणून १८ तारखेची वाट मी पाहणार नाही. आपण उद्या किंवा परवा पहाटे पाच वाजता चिंचखेड तलावावर यावं. पाणी वर आणि तळाशी, तराफ्यावर बसून, तलावातच मोजावं. तराफा धनीबाई चालवेल. आपल्याला पोहता येत नसेल तर तसं कळवा, रतनसिंग सोबत बसेल.

सुनावणीच्या नोटिशीत नमुना बिघडवणारी म्हणून माझं नाव घाला. मी येईन आणि उभी राहीन. विषाच्या संशयातून धनीबाईचं नाव आजच काढा आणि काढल्याचं तिला लेखी कळवा. तिला वाचता येतं, छापील आणि हस्ताक्षर दोन्ही.

माझी चूक मी सही करून दिली आहे. आपली आपण सही करून द्यावी, शुक्रवार दिनांक १४ जून २०२४ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत. तोंडी निरोप, फोन किंवा ड्रायव्हरमार्फत आलेलं काहीही उत्तर म्हणून धरलं जाणार नाही.

पंचफुला भांदुर्गे